पेव

हरिपूरला वडील हळदीची पेवं उघडायचे.
तोंडावरची माती, मग कडबा, मग पुन्हा माती,
शेवटी एक काळं भोक, जेमतेम माणसाच्या खांद्यांएवढं.
लगेच कुणी उतरायचं नाही.
दोरीला कंदील बांधून आधी तो आत सोडायचा.
वात विझली, की चिलीम पेटवून काठावर बसून राहायचं,
कधी दिवस मावळेतो, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत.
"आत हवा न्हाई, म्हणून तर हळद टिकतीया," वडील म्हणायचे.
सिदू कोळेकर थांबला नव्हता.
त्याला वर काढला तेव्हा तो गळ्यापर्यंत पिवळा होता.

तीस वर्षं मी काचेतून हवा बाहेर काढत आले.
तोटी फिरव, पंप लाव; पोकळी, नायट्रोजन, परत पोकळी,
तीनदा, मोजून.
धातू आणि कार्बन यांच्यामधला तो बंध
एका फुंकरीनं तपकिरी होतो, आणि आठवडा वाया.

हे सांगलीत करायचं म्हणजे
द्रव नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यातून आणायचा.
मगदूम कंपाउंडर अर्धा कॅन ओतून द्यायचा, वर विचारायचा,
"मॅडम, तुमची म्हैस गाभण कधी राहणार?"
भारनियमनाच्या दिवशी पंप बंद, मी जागी.
द्रावक सोडियमवर उकळत ठेवलेलं, निळं होण्याची वाट बघत.
निळं म्हणजे कोरडं. निळं म्हणजे आत पाण्याचा थेंब नाही.
आणि बाहेर कृष्णा आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर.

पॅलेडियमची बाटली हेडक्लार्कच्या कपाटात, कॅशबॉक्सशेजारी.
एक ग्रॅम हवं तर तीन सह्या.
म्हणून मेलेल्या विक्रियांचा काळा गाळ मी कधी फेकला नाही.
बरणी भरली तेव्हा विट्याला नेली,
तात्या निकमांकडे, ज्यांनी जन्मभर परमुलखात सोनं गाळलं.
त्यांनी तेजाब ओतलं, रंग बघितला, हुंगल्यासारखं केलं.
"सोनं न्हवं, चांदी न्हवं. पन जातीचं हाय."
मजुरी घेतली नाही.
शोधनिबंधात त्यांचे आभार मानले,
तर संपादकांनी विचारलं, हे कोणत्या संस्थेचे?

महापुरात पेवं गेली त्या साली वडील प्रयोगशाळेत आले.
चपला दाराबाहेर काढल्या.
नळ्या बघितल्या, तोट्या बघितल्या, फुग्यातला वायू बघितला.
"म्हंजे पेवच की गं हे. कंदील कुठाय?"
मी तो निळा फ्लास्क दाखवला.
हा विझला, की समजायचं हवा आली.
ते बराच वेळ हसले. "उलटंच हाय तुझं."

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी फळ्यावर लिहून देते:
उत्प्रेरक स्वतः बदलत नाही.
परीक्षेपुरतं खरं आहे.
तो दमतो. पाचशे फेऱ्या, सहाशे,
मग काचेला आतून काळा आरसा चढतो
आणि त्यात आपलंच नाक दिसतं.

हळदीतल्या रेणूला धरून केलेलं माझं संयुग
दमायलाही तयार नव्हतं. अकरा वर्षं.
शुद्ध, केशरी, सुंदर, आणि ढिम्म.
बारा टक्क्यांच्या वर कधी गेलं नाही.
मग एका शनिवारी रबरी बूच चिरलेलं निघालं.
मी फ्लास्क धुवायला टाकला.
दमयंती हुक्केरीनं, माझ्या विद्यार्थिनीनं, मला न विचारता
त्यातलाच थेंब तपासायला लावला.
एक्क्याण्णव.

आम्ही बोललो नाही. नवं बूच, नवा फ्लास्क,
आणि सिरिंजनं हवा, दोन मिली, खिडकीशेजारची,
जिच्यात यार्डातली हळद बारा महिने तरंगते.
अठरा वेळा केलं. अठराही वेळा आलं.
वडिलांना सांगायचं राहिलं होतं; ते त्याआधीच्या पौषात गेले.

निबंधात लिहिलं:
हवेचा अंश आवश्यक. कारण अद्याप स्पष्ट नाही.
परीक्षकानं विचारलं, हे लक्षात कसं आलं?
बूच चिरलेलं होतं, मी कळवलं.
सिदूचं कळवलं नाही.